मालगुडी नेमकं कुठे? मेंपीच्या रस्त्यावरून एक आढावा

आर. के. नारायण यांच्या मालगुडीवर आजवर जी चर्चा झाली तिचा आढावा घ्या, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मी एच. डी. कोट्यात होतो. म्हैसूरहून हे तालुक्याचं गाव पन्नासेक किलोमीटरवर आहे. पूर्ण नाव हेग्गडदेवनकोटे, पण एवढं लांब नाव कंडक्टरसुद्धा घेत नाही. 'कोटे, कोटे' एवढंच ओरडतो. इथून हँडपोस्ट, अंतरसंते करत रस्ता नागरहोळेच्या जंगलात शिरतो आणि बावलीला केरळात, वायनाडात उतरतो. मालगुडीच्या चर्चेत या बाजूचं नाव कुणी घेत नाही. चर्चा नेहमी शहरातल्या गल्ल्यांची, रेल्वे स्टेशनाची आणि नारायणांच्या घराची होते. कोट्याला रेल्वे नाही आणि नारायणांचं घरही इथे नव्हतं. तरी या रस्त्यावर बसून मालगुडीचा विचार करायला मला कारण होतं, ते शेवटी येईल.

आधी वादाची पार्श्वभूमी.

एका स्टेशनापासून

नारायण यांचा जन्म १० ऑक्टोबर १९०६ रोजी मद्रासेत झाला. बालपण बरंचसं तिथेच, आजीजवळ गेलं. वडील म्हैसूरला महाराजा कॉलेजिएट हायस्कूलचे मुख्याध्यापक होते, त्यामुळे पुढचं शिक्षण आणि पुढचं बहुतेक आयुष्य म्हैसूरला. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत ते इंग्रजीत नापास झाले होते, हे आज सांगताना गंमत वाटते. १९३० साली महाराजा कॉलेजातून बी. ए. झाले, चन्नपट्टणला मास्तरकी धरली आणि थोड्याच दिवसांत सोडली. लेखनावरच जगायचं, असं त्यांनी घरी जाहीर केलं. त्या काळी कुठल्याही मध्यमवर्गीय घरात यावर जी शांतता पसरली असती तीच पसरली असणार.

'माय डेज' या १९७४ च्या आत्मकथनात त्यांनी मालगुडीचा जन्म सांगितला आहे. बंगळूरूला आजीने काढून दिलेल्या शुभदिवशी त्यांनी एक वही विकत घेतली आणि लिहायला बसले. आधी डोळ्यांपुढे एक छोटं रेल्वे स्टेशन आलं, स्टेशनाबरोबर नाव आलं, आणि गाव त्यामागून उभं राहिलं. गाव आधी आणि नाव मागून असं झालेलं नाही. पुढच्या साठ वर्षांच्या वादाचं मूळ या क्रमात आहे, असं मला वाटतं. लेखकाने स्वतःच सांगून टाकलं होतं की त्याच्याजवळ नकाशा नव्हता.

ती कादंबरी म्हणजे 'स्वामी अँड फ्रेंड्स'. लंडनच्या प्रकाशकांनी ती एकामागून एक परत पाठवली. शेवटी एका मित्रामार्फत हस्तलिखित ग्रॅहम ग्रीन यांच्या हाती पडलं आणि त्यांच्या शिफारशीने १९३५ साली हॅमिश हॅमिल्टनने ते छापलं. लेखकाचं लांबलचक नाव कापून 'आर. के. नारायण' करण्याची सूचनाही ग्रीन यांचीच. त्यानंतर 'द बॅचलर ऑफ आर्ट्स' (१९३७), 'द डार्क रूम' (१९३८), आणि पत्नी राजम यांच्या १९३९ मधल्या टायफॉइडने झालेल्या मृत्यूनंतरच्या मोठ्या खंडानंतर 'द इंग्लिश टीचर' (१९४५). मग 'मिस्टर संपत', 'द फायनान्शियल एक्स्पर्ट', आणि १९५८ साली 'द गाइड'. या कादंबरीला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंग्रजी पुस्तकाला मिळालेला तो पहिलाच. लिहिणं १९९० नंतरही चालू राहिलं. १३ मे २००१ रोजी चेन्नईत ते गेले. तोवर मालगुडीत कबीर स्ट्रीट, मार्केट रोड, लॉली एक्स्टेन्शन, अल्बर्ट मिशन स्कूल, नल्लप्पाचा बाग आणि सरयू नदी असा कायमचा मुक्काम झाला होता.

नकाशावरचे दावेदार

मालगुडी कुठलं, हा प्रश्न समीक्षकांनी लवकरच उचलला. के. आर. श्रीनिवास अय्यंगार यांनी इंग्रजीतल्या भारतीय लेखनाच्या इतिहासात दोन नावं सुचवली: कावेरीकाठचं लालगुडी, किंवा म्हैसूरमधलं यादवगिरी. त्यांनी ती प्रश्नार्थकच मांडली होती. पुढच्या विद्यार्थ्यांनी प्रश्नचिन्ह काढून टाकलं. बंगळूरूचे लोक सांगतात की मल्लेश्वरम् मधला 'मल' आणि बसवनगुडीचा 'गुडी' जोडून नाव झालं. ऐकायला छान आहे, पण 'माय डेज'मधली हकिगत वाचल्यावर हा जोडधंदा पटत नाही.

म्हैसूरचा दावा सगळ्यांत भक्कम आहे, आणि तो गल्ल्यांपेक्षा माणसांवर उभा आहे. १९४१ मध्ये नारायणांनी 'इंडियन थॉट' नावाचं नियतकालिक काढलं. ते छापणारे म्हैसूरचे मुद्रक चेलुव अय्यंगार हे 'मिस्टर संपत'चे मूळ, हे नारायणांनी लपवलेलं नाही. 'द गाइड'चीही कुळकथा म्हैसूरचीच आहे. एका वर्षी मोठा दुष्काळ पडला, कृष्णराजसागराचं पाणी आटलं. शेवटी नगरपालिकेने पर्जन्यासाठी अनुष्ठान मांडलं. कावेरीच्या कोरड्या पात्रात मोठ्या कष्टाने पाणी आणून ब्राह्मण गुडघाभर पाण्यात उभे राहिले, उपवास केले, अकरा दिवस मंत्र म्हटले. बाराव्या दिवशी पाऊस आला. लादलेल्या साधुत्वाच्या कथेसाठी नारायण प्रसंग शोधतच होते. तो असा हाती आला. मंगल गावाची कोरडी सरयू वाचताना म्हैसूरचे जुने लोक कावेरीच पाहतात. त्यांना दोष कसा द्यायचा?

पण या दाव्यात एक मोठी भेग आहे. नारायण लिहू लागले तेव्हा म्हैसूर संस्थान होतं. दसऱ्याला हत्तीवर बसणारा महाराजा होता. मालगुडीत महाराजा नाही. तिथे इंग्रजांचा जिल्हा आहे, कलेक्टर आहे, पोलीस अधीक्षक आहे. 'स्वामी अँड फ्रेंड्स'मध्ये १५ ऑगस्ट १९३० रोजी सरयूच्या काठी सभा भरते ती मुंबईच्या गौरीशंकर नावाच्या राजकीय कार्यकर्त्याला झालेल्या अटकेच्या निषेधार्थ. दुसऱ्या दिवशी शाळेच्या काचा फुटतात, स्वामीही त्यात हात धुऊन घेतो. हे सारं ब्रिटिश मुलुखातलं. स्वामीचा मित्र राजम, त्याच्या पोलीस अधिकारी वडिलांची बदली होते ती त्रिचनापल्लीला. म्हणजे कारभाराचा हिशेब मद्रास इलाख्याचा.

कोइंबतूरचं नावही मधून मधून निघतं. तिथे खराच एक लॉली रोड आहे. नारायणांची बहीण तिथे राहायची, आणि पुढे पत्नी झालेल्या राजम त्यांना पहिल्यांदा दिसल्या त्या तिथेच. मालगुडीच्या फ्रेडरिक लॉलीचा पुतळा 'लॉली रोड' या कथेत नगरपालिका हौसेने उखडते आणि मग कळतं की उखडलेला लॉली भलताच आहे; जुलमी समजलेला गृहस्थ गावाचा उपकारकर्ता निघतो. नामांतराच्या उत्साहावरची इतकी हसरी कथा आपल्याकडे कुणी लिहिली असती तर नगरपालिकांनी ती अभ्यासक्रमाला लावायला हरकत नव्हती.

नकाशाचं काम परदेशातही झालं. अमेरिकन अभ्यासक जेम्स फेनेली यांनी कादंबऱ्यांमधल्या खुणा जुळवून मालगुडीचा नकाशा बेतला. शिकागो विद्यापीठाच्या एका साहित्यिक नकाशासंग्रहात भारताच्या नकाशावर मालगुडीची जागा दाखवलेली आहे, याचा उल्लेख नारायणांनी स्वतः 'मालगुडी डेज'च्या प्रस्तावनेत गमतीने केला आहे. त्याच प्रस्तावनेत ते सांगतात की मालगुडी हे दक्षिण भारतातलं छोटं गाव, असं म्हटलं तर ते अर्धसत्य होईल. तिथली माणसं त्यांना न्यूयॉर्कच्या एका रस्त्यावरही भेटली. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात शिकवणारे एम. के. नाईक यांनी १९८३ च्या 'द आयरॉनिक व्हिजन' या पुस्तकात शोधाची दिशा बदलली आणि नारायणांची खरी ओळख उपरोधाच्या दृष्टीत पाहिली. माझं मत विचाराल तर घरं आणि माणसं म्हैसूरची, सरकार मद्रासचं, आणि नदीचं नाव अयोध्येचं, असा हा संसार आहे. कुठल्याही एका गावाने त्यावर हक्क सांगितला की दुसरं काही तरी बाहेर राहतं.

काळ थांबलेला की चालणारा

जागेचा वाद तसा निरुपद्रवी. खरा वाद पेटला तो मालगुडीच्या काळावर. व्ही. एस. नायपॉल यांनी १९७७ च्या 'इंडिया: अ वूंडेड सिव्हिलायझेशन'मध्ये 'मिस्टर संपत' आणि 'द व्हेंडर ऑफ स्वीट्स' समोर ठेवून नारायणांची तपासणी केली. नायपॉल हे नारायणांचे जुने वाचक. हे आरोपपत्र चाहत्याने लिहिलेलं आहे, म्हणून ते जास्त बोचतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: या कादंबऱ्या समाजाच्या वाटतात, पण मुळात त्या हिंदू बोधकथा आहेत. संकट येतं, माणूस मागे सरतो, सगळं होतं तसं होतं. 'मिस्टर संपत'मध्ये श्रीनिवासला मालगुडीचा सारा इतिहास दृष्टान्तासारखा दिसतो: बाणाने रेघ ओढून सरयू आणणारा राम, मग बुद्ध, शंकराचार्य, मग मिशनरी आणि व्यापारी. या विशाल पटावर आजचं दुःख क्षुल्लक होऊन जातं. नायपॉलना ही स्थितप्रज्ञता पराभूत समाजाची निष्क्रियता वाटली. १९६१ मध्ये लंडनला भेट झाली तेव्हा, भारत असाच चालत राहील, असं नारायण सहज म्हणाले होते, तेही नायपॉल विसरले नाहीत.

दुसऱ्या बाजूने पंकज मिश्रा यांनी नारायणांच्या मृत्यूच्या थोडं आधी, २००१ मध्ये लिहिलेल्या दीर्घ लेखात जवळजवळ उलटी मांडणी केली. मालगुडी सनातन नाही, ते अर्धवट आधुनिक झालेल्या माणसांचं गाव आहे, असं त्यांना दिसलं. इथे पदवी घेऊन काय करायचं ते न कळणारा चंद्रन आहे, बँकेच्या दारापुढे वडाखाली पेटी मांडून शेतकऱ्यांना कर्जाच्या वाटा दाखवणारा मार्गय्या आहे, अमेरिकेहून कथा लिहायचं यंत्र विकायला परत येणारा, 'द व्हेंडर ऑफ स्वीट्स'मधल्या जगनचा मुलगा माली आहे. जुनं सुटलेलं आणि नवं हाताशी न आलेलं, अशी ही माणसं. परंपरेकडे परतणं हा त्यांचा विजय की हतबलता, हे नारायण सांगत नाहीत.

मला यात नायपॉल यांचं निदान तीक्ष्ण वाटतं आणि मिश्रांचं वाचन अधिक खरं. जगन शेवटी संसार सोडून जातो ना, पण चेकबुक बरोबर घेऊन जातो. बोधकथेतला संन्यासी चेकबुक नेत नाही.

कोणाचं मालगुडी?

तिसरा प्रश्न अजून मोकळाच आहे, आणि मराठी वाचकाला तो सगळ्यांत ओळखीचा वाटेल. मीनाक्षी मुखर्जी यांनी १९९० नंतरच्या आपल्या लेखनात इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय कादंबरीकाराची भारतीयत्वाबद्दलची चिंता उलगडली. मालगुडीबद्दल त्यांचा मुद्दा असा की ते प्रदेशाच्या ठळक खुणा पुसलेलं, वरच्या जातीच्या हिंदू डोळ्यांना 'अखिल भारतीय' दिसणारं गाव आहे. कानडीत किंवा तमिळमध्ये लिहिलं असतं तर बोली, जात, पोटजात, ताटातला पदार्थ यांवाचून एक पान सरकलं नसतं. इंग्रजीने ती जबाबदारी सोडवली. आपल्याकडे भालचंद्र नेमाड्यांच्या देशीवादाने इंग्रजीतल्या भारतीय लेखनावर जो अविश्वास दाखवला त्याच्याशी हे काही अंतरापर्यंत जुळतं. फरक असा की मुखर्जींची टीका नारायणांच्या पुस्तकांत शिरून केलेली आहे.

उत्तरपक्षही ऐकला पाहिजे. इंग्रजीत लिहूनही नारायणांनी इंग्रजीचं ओझं घेतलं नाही. त्यांची वाक्यं आखूड आहेत, शब्द साधे आहेत. काहींना ती भाषा पातळ वाटली, शशी थरूर यांनाही तसंच वाटलं. पण तिला नक्षी नाही म्हणून मार्गय्याचा लोभ किंवा 'द गाइड'मधल्या राजूची लबाडी थेट पोहोचते, हेही खरं. 'द डार्क रूम'मधली सावित्री आणि 'द गाइड'मधली रोझी यांच्यासारखी स्त्रीपात्रं पाहिली की हा लेखक आपल्याच वर्गाकडे डोळे मिटून पाहत होता असं म्हणता येत नाही. देवदासी घराण्यात जन्मलेली, एम. ए. झालेली, नाचायचं म्हणून नवऱ्याशी फाटलेली रोझी १९५८ साली कुठल्याही भाषेतल्या कादंबरीत सोपी नव्हती.

तरी एक उणीव उरते आणि ती म्हैसूर जिल्ह्यातच उभं राहून स्पष्ट दिसते. नंजनगूड तालुक्यातल्या देवनूरचे देवनूर महादेव नारायणांपेक्षा चाळीसेक वर्षांनी लहान. त्यांची 'कुसुमबाले' ही छोटीशी कादंबरी याच मुलुखातल्या दलितांच्या बोलीत बोलते आणि १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. नारायण नंजनगूडच्या वाटेने कितीदा तरी गेले असतील. पण 'कुसुमबाले'मधली वस्ती मालगुडीच्या नकाशावर नाही. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचायची पद्धत अजून आपल्या विद्यापीठांत पडलेली नाही. इंग्रजी विभाग एक वाचतो, कानडी विभाग दुसरं. दलित साहित्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला तरी ही फाळणी अनैसर्गिक वाटायला हवी.

रेषा, पडदा आणि एक घर

बहुतेक मराठी माणसांची मालगुडीशी ओळख पुस्तकातून झालेली नाही. धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांनी 'द हिंदू'मधल्या नारायणांच्या कथांना चित्रं काढली तेव्हापासून मालगुडीला चेहरे मिळाले. म्हैसूरला जन्मलेले लक्ष्मण पुढे मुंबईचे झाले आणि २६ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात गेले. त्यांचा 'कॉमन मॅन' मालगुडीतून चुकून मुंबईच्या गाडीत बसला असावा असं वाटतं. मग १९८०च्या दशकात दूरदर्शनवर शंकर नाग यांची 'मालगुडी डेज' आली. मुंबईत मराठी नाटकांतून घडलेला हा दिग्दर्शक, स्वामीच्या वडिलांच्या भूमिकेत माथेरानला जन्मलेले गिरीश कार्नाड, एल. वैद्यनाथन यांची ती धून, आणि लक्ष्मणांच्या रेषा. चित्रण झालं शिमोगा जिल्ह्यात, आगुंबेच्या पावसात. त्यामुळे एका पिढीसाठी मालगुडी मलनाडात गेलं, जिथे नारायणांनी ते कधी ठेवलं नव्हतं. पुढे रेल्वेने शिमोग्याजवळच्या अरसाळू स्टेशनात 'मालगुडी' संग्रहालय केलं आणि म्हैसूर-बंगळूरू वाटेवर 'मालगुडी एक्स्प्रेस' धावू लागली. स्टेशनापासून सुरू झालेली गोष्ट स्टेशनावर पोहोचली. मराठीत मधुकर धर्मापुरीकर यांच्या अनुवादातून 'मालगुडी डेज' वाचता येतं, हेही इथे नोंदवून ठेवतो.

'गाइड' या चित्रपटाची गोष्ट उलटी. नारायणांनी निर्मात्यांना म्हैसूर परिसरात फिरवून घाट, गावं, डोंगर दाखवले. पण चित्रपट उदयपूर-जयपूरकडे गेला. मालगुडी आम्ही ठेवू तिथे असेल, असा निर्मात्यांचा एकूण पवित्रा होता. नारायणांनी यावर एक चिडलेला आणि तितकाच खुसखुशीत लेख लिहिला. चित्रपट अर्थातच गाजला. राजस्थानातला राजू गाइड आणि सरयूकाठचा राजू या दोन वेगळ्या व्यक्ती मानल्या की दोघांवरही अन्याय होत नाही.

यादवगिरीतल्या घराचा वाद जास्त अलीकडचा. नारायणांनी स्वतः बांधलेलं, लेखनाच्या खोलीला भरपूर खिडक्या असलेलं हे घर २०११ मध्ये पाडायला घेतलं होतं. बातमी आली, पाडकाम थांबलं, सरकारने घर घेतलं आणि डागडुजी करून २०१६ साली तिथे संग्रहालय उघडलं. मधल्या काळात कन्नड लेखकांच्या एका गटाने स्मारकाला विरोध केला. नारायण इंग्रजीत लिहीत, घरी तमिळ बोलत, हस्तलिखितं त्यांनी अमेरिकेत बोस्टन विद्यापीठाला दिली. मग कर्नाटकाने सार्वजनिक पैसा का खर्च करावा, असा त्यांचा प्रश्न होता. स्मारकाच्या बाजूचे म्हणत होते की म्हैसूरला जगाच्या वाचकापर्यंत नेणारा लेखक कुठल्या भाषेत लिहीत होता याने शहराचं ऋण कमी होत नाही. सीमाभागातल्या माणसाला दोन्ही बाजूंचं बोलणं ओळखीचं वाटेल. घर राहिलं, हे बरं झालं. पण कन्नड लेखकांची तक्रार निव्वळ हट्ट म्हणून उडवून लावणाऱ्यांनी हेही पाहावं की कन्नडातल्या मोठ्या लेखकांपैकी कितीजणांची घरं अशी राखली गेली.

मेंपीच्या बाजूने

आता कोट्याचं कारण. मालगुडीच्या नकाशाला एक कड आहे, आणि ती पहिल्या कादंबरीपासून आहे. शाळेतून पळालेला स्वामी रात्री वाट चुकतो तो मेंपीच्या जंगलरस्त्यावर. बेशुद्ध पोराला गाडीवान उचलून आणतो जिल्हा वनाधिकारी नायर यांच्याकडे, आणि स्वामी शुद्धीवर येतो तो त्या बंगल्यात. इथे नायर हे नाव मला उगाच आलेलं वाटत नाही. या डोंगरांच्या पलीकडे मल्याळी मुलूख लागतो. 'द गाइड'मधलं पीक हाउस याच मेंपीच्या डोंगरावर आहे. काचेच्या व्हरांड्यात बसून रात्री जनावरं बघायची आणि तिथेच राजू-रोझीचं सूत जमायचं. 'द मॅनइटर ऑफ मालगुडी'त मेंपीच्या जंगलात चोरून शिकार करणारा, जनावरांत पेंढा भरणारा वासू येतो; चहावाला मुत्तू आणि देवळाचा हत्ती कुमार तिथलेच. वासूने हत्तीवर डोळा ठेवला, आणि शेवटी स्वतःच्या कपाळावरचा डास मारायला उगारलेल्या स्वतःच्याच हाताने मेला. भस्मासुर आपल्याला शाळेपासून माहीत आहे. मग १९८३ च्या 'अ टायगर फॉर मालगुडी'त तर वाघच कथा सांगतो.

मेंपी म्हणजेच कोट्याचं जंगल, असं मी म्हणणार नाही. वर ज्यांनी तसे दावे केले त्यांना मी पुरेसं हसलो आहे. पण इथे राहिलेल्या माणसाला नारायणांच्या जंगलात काय दिसतं एवढं सांगायचं आहे. वनाधिकारी, प्रवासी बंगला, शिकारी, चहाचं दुकान, हत्ती, वाघ, संन्यासी, पर्यटक हे सगळे मेंपीत आहेत. कोट्यात ते सगळे आजही आहेत. काबिनीकाठी कारापूरला जुन्या शिकारबंगल्याच्या जागी रिसॉर्ट आहे, मागचं पाणी आटतं तेव्हा उन्हाळ्यात शेकडो हत्ती काठावर उतरतात, आणि जीपमधला गाइड राजूसारखाच पाहुण्याला हवी ती गोष्ट सांगतो. बळ्ळेच्या हत्ती छावणीतला अर्जुन आठ दसऱ्यांना सोन्याची अंबारी घेऊन चालला. डिसेंबर २०२३ मध्ये रानटी हत्तीशी झुंजताना तो गेला, तेव्हा मला कुमार आठवला.

मेंपीत जे नाही तेही कोट्यात आहे. जेनू कुरुबा आणि काडू कुरुबा हे या जंगलाचे मूळ रहिवासी. काकनकोट्याच्या खेड्ड्यांत रानटी हत्ती पकडायचे तेव्हा जंगलाची वाट माहीत असणारे तेच. शेवटचा खेड्डा १९७१ ला झाला, १९७४ ला काबिनी धरण झालं, जुन्या काकनकोट्यात पाणी शिरलं, आणि व्याघ्रप्रकल्प आले तेव्हा अनेक हाड्यांमधून, म्हणजे वस्त्यांमधून, ही माणसं बाहेर काढली गेली. नारायणांच्या मेंपीत ती ठळकपणे कुठे दिसत नाहीत. मास्ती वेंकटेश अय्यंगार यांचं 'काकनकोटे' हे नाटक मात्र याच कुरुबांवर आहे. १९७७ साली सी. आर. सिंह यांनी त्यावर कन्नड चित्रपट केला. मास्ती आणि नारायण, दोघेही तमिळ बोलणाऱ्या घरांतले. एकाने कन्नड घेतली आणि त्याला कुरुबा दिसले, दुसऱ्याने इंग्रजी घेतली आणि त्याला मालगुडी दिसलं. भाषेमुळेच असं झालं की वृत्तीमुळे, याचा निकाल मुखर्जी आणि मिश्रा यांच्या बाजूंपैकी कुणालाही एकहाती लावता आलेला नाही.

मालगुडीच्या चर्चेत उरलेलं काम मला इथे दिसतं. शहराचे रस्ते पुरेसे मोजून झाले. जंगलाची कड कुणी मोजलेली नाही. म्हणजे स्वामी जिथे वाट चुकला ती बाजू. इंग्रजी, कन्नड आणि आदिवासी बोली यांची पुस्तकं आणि कथनं एका टेबलावर ठेवणारा कुणी अभ्यासक मिळाला तर तो कोट्यात येऊन राहावा, आणि तो मराठी असला तरी चालेल. फक्त येताना वेळ सांभाळावी. म्हैसूर-मानंदवाडी रस्त्याचं जंगलातलं फाटक संध्याकाळी सहाला बंद होतं आणि सकाळी सहालाच उघडतं.